दीडचा नट, सव्वाचा स्टड

"सदर वाहनाच्या पुढील डाव्या चाकास मूळ कंपनीचे पाच नवीन स्टड बसवून, दिनांक १ ऑक्टोबर रोजी दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी सर्व नट टॉर्क पान्याने विहित पिळापर्यंत आवळण्यात आले. पन्नास किलोमीटरनंतर नट तपासून घेण्याची सूचना चालकास देण्यात आली होती. ती त्याने पाळली नाही. सबब, चाक निखळण्यास केवळ चालकाचा निष्काळजीपणा जबाबदार आहे."

हे पत्र धाराशिवच्या एका सेवाकेंद्राने पोलीस ठाण्याला लिहिले होते. खाली गोल शिक्का आणि व्यवस्थापक कुलदीप यांची सही. प्रमोदिनीबाईंनी तुळजापुरातल्या आपल्या घरी, अभ्यासाच्या टेबलाशी बसून ते तीनदा वाचले. पस्तीस वर्षे त्यांनी शिलालेख आणि ताम्रपट वाचण्यात घालवली होती आणि त्यांतली बरीचशी बनावट ताम्रपट उघडे पाडण्यात. खरा लेख कुठेतरी अडखळतो, कोरणाऱ्याचा हात घसरतो, एखादे नाव राहून जाते, असे त्या विद्यार्थ्यांना सांगत. बनावट लेखाला मात्र सगळे लख्ख आठवत असते. बारा वाजून वीस मिनिटे! ज्या केंद्रात गाडी कधी मिळेल हे विचारल्यावर 'दुपारनंतर' याहून नेमके उत्तर कधी मिळाले नव्हते, तिथे मिनिटांचा हा हिशेब कुणी ठेवला?

त्यांनी पेन्सिल घेतली. पन्नास किलोमीटर. धाराशिवहून गाडी तुळजापूरला आली ती तेवीस किलोमीटर चालून. नवरात्राच्या गर्दीने गावातले रस्ते बंद, म्हणून ती चार दिवस दारात उभी. पाचव्या दिवशी सकाळी रामहरी त्यांना सास्तूरकडे एक वीरगळ पाहायला घेऊन निघाला. म्हणजे पन्नासावा किलोमीटर भरला तो नळदुर्गच्या अलीकडे, उघड्या माळावर, जिथे शेळ्या आणि पवनचक्क्या यांच्याखेरीज कुणी नव्हते. नट पवनचक्क्यांनी तपासून द्यावेत अशी केंद्राची अपेक्षा असावी. आणि ती सूचना? ती पावतीच्या पाठीवर होती, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत. रामहरीला मराठी वाचता येत होते, तेही ठळक असेल तर.

जळकोट ओलांडले आणि स्टिअरिंग थरथरू लागले. "बाई, काहीतरी—" एवढेच रामहरी म्हणाला. पुढचे डावे चाक गाडीला सोडून पुढे निघाले. रामहरीने गाडी घासत घासत कडेला आणली; प्रमोदिनीबाईंच्या हातातले पुस्तकसुद्धा पडले नाही. चाक मात्र थांबले नाही. रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग लावून नीलम्मा बसली होती. चाक ढिगातून गेले आणि तिच्या उजव्या पायाची नडगी मोडून गेले.

"अय्यो, मला वाटलं पोरं चाक खेळत्यात," दवाखान्यात प्लास्टर घातलेल्या पायाकडे बघत नीलम्मा म्हणाली. "म्या हसले बी. तवर आलंच की अंगावर." मग तिने रामहरीकडे पाहिले. "तू गाडी चालवतूस, का चाकं सोडतूस रं बाबा?"

रामहरीने तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस गेली बारा वर्षे बाईंची गाडी चालवत होता. दिवाळीनंतर तुळजापुरातल्या एका शाळेची बस त्याच्या हाती येणार होती. आता त्याच्यावर हयगयीने गाडी चालवून दुखापत केल्याचा गुन्हा नोंदला होता. उपनिरीक्षक सोनाली सोमवारी जबाब पुरे करणार होत्या. आरोपपत्र गेले की शाळेची बस गेली. आणि मुलांनी भरलेली गाडी ज्याच्या हाती द्यायची, त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द कायमचा चिकटला.

प्रमोदिनीबाईंना खरा संताप आला तो पत्राने नव्हे. तो रामहरीने आणला. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो म्हणाला, "बाई, कागदावर लिवलंय म्हंजी असंल. दसऱ्याला म्या चाकांला कुंकू लावलं, हार घातला. तवा नटाला नुसता हात लावून बघितला असता तर? म्या फकस्त कुंकूच लावलं."

शिक्का मारलेला कागद प्रामाणिक माणसाला चार दिवसांत स्वतःविरुद्ध साक्षीदार करतो, हे त्यांनी इतिहासात पुष्कळदा वाचले होते. डोळ्यांसमोर पाहत होत्या त्या प्रथमच.

"रामहरी," त्या म्हणाल्या, "लिहिलेलं खरं असतं तर मला पस्तीस वर्षं पगार कशाला मिळाला असता? उठा. गाडीला स्टड आणायचेत."

गाडी जळकोटलाच, हमरस्त्यावरच्या श्रीशैलच्या गॅरेजमध्ये होती. पंचनामा झाल्यावर पोलिसांनी ती तिथेच उभी करायला सांगितली होती. श्रीशैल पन्नाशीचा, जाड भिंगांचा, हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांची चाकं बसवण्यात हयात गेलेला. चाक ज्यावर बसते त्या हबमधून पाच जाड खिळे बाहेर येतात, ते स्टड. त्यांच्यावर नट बसतात आणि चाक धरून ठेवतात. पाचांपैकी चार तुटून गेले होते. पाचवा जागेवर होता, पण त्यावर नट अर्ध्यात रुतून बसला होता.

"नवे पाच आणा," श्रीशैल म्हणाला. "नट दुसऱ्या चाकाचा लावून माप बघू."

नळदुर्गच्या दुकानदाराने गाडीचे नाव ऐकून पुडी पुढे सरकवली. "बारा मिलिमीटर. सगळ्यांला हेच बसतंय."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"बाई, बोल्ट म्हंजी बोल्ट. चपलेचं माप हाय का?"

चपलेचेच माप होते. ते स्टड जळकोटला आणले तर हबच्या भोकात खुळखुळ वाजू लागले. श्रीशैलने ते परत दिले. दुसऱ्या दिवशी रामहरी एसटीने सोलापूरला गेला आणि तिथून दुसरे आणले. ते भोकात नीट बसत होते, पण दुसऱ्या चाकाचा मूळ नट त्यावर दीड फेरा फिरून अडकत होता. तेव्हा बाईंनी गाडीसोबत आलेले पुस्तक काढले, त्यातला सुट्या भागाचा क्रमांक कागदावर उतरवला, आणि सोलापूरच्या मोठ्या विक्रेत्याकडून नेमक्या त्या क्रमांकाची पुडी मागवली. तिला तीन दिवस लागले.

तिसऱ्या पुडीतला स्टड श्रीशैलने हातात घेतला, मूळ नट त्यावर ठेवला आणि नुसत्या बोटांनी फिरवला. नट तळापर्यंत गेला. श्रीशैलचा चेहरा मात्र उजळला नाही. त्याने हबवरचा तो पाचवा स्टड पुसला, चष्मा कपाळावर चढवला आणि आटे मोजायची दातेरी पट्टी त्यावर टेकवली. मग तीच पट्टी नव्या स्टडवर. मग पुन्हा जुन्यावर.

"बाई, हिकडं या. तुमच्या गाडीच्या स्टडाचे आटे दीडचे. एका आट्यापासून दुसऱ्यापतोर दीड मिलिमीटर. नट बी दीडचाच. अन् ह्यो जो आत बसलाय, त्यो सव्वाचा. दुसऱ्या गाडीचा हाय त्यो."

"दीडचा नट सव्वावर चढतो कसा?"

"चढत न्हाय. दीड फेरा जातो, मग मुंडी टाकतो. तवा शहाणा मानूस काढून बघतो. अन् घाईतला मानूस पान्याऐवजी हवेची गन लावतो. गन घरघरली की आटे कापत जातो आत. वरनं लई घट्ट. आतनं निस्ता भुगा." त्याने हबच्या मागे बोट घातले. "हे बघा. स्टड बारीक म्हनून मागनं ग्रीसच्या डब्याचा पत्रा कापून ठोकलाय. हे नवरा-बायकू एका घरचे न्हायत बाई; जबरदस्तीनं नांदवलेत."

रामहरी वाकून पाहत राहिला. पाच दिवसांत प्रथमच त्याने मान वर केली. "म्हंजी म्या आवळले असते तरी?"

"तू अजून आवळले असतेस तर तुळजापूरच्या घाटातच सुटलं असतं. देवीनंच तुला ते सुचू दिलं न्हाय."

त्यानंतर प्रमोदिनीबाईंनी श्रीशैलला पाचव्या स्टडला पुन्हा हात लावू दिला नाही. उपनिरीक्षक सोनालींना बोलावून पंचांसमक्ष तो जप्त करवला. एवढ्यावर प्रकरण संपेल असे त्यांना वाटले, आणि एवढ्या अनुभवी बाईला तसे वाटावे ही त्या आठवड्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होती. कारण दोन दिवसांनी केंद्राचे दुसरे पत्र आले. ते पहिल्याहून सुरेख होते. "आमच्या केंद्राने मूळ स्टडच बसविले होते. सदर वाहन त्यानंतर पाच दिवस चालकाच्या ताब्यात होते. मूळ स्टड काढून त्याजागी जुने बसविण्याचा प्रकार चालकाकडूनच घडला असण्याची दाट शक्यता आहे."

म्हणजे काल निष्काळजी असलेला रामहरी आज चोर झाला होता.

"मलाही पटत नाही," सोनाली फोनवर म्हणाल्या. त्या तरुण होत्या आणि कामाने थकलेल्या. "पण मॅडम, सव्वाचा स्टड निघाला एवढंच सिद्ध झालंय. तो कुणी घातला हे नाही. त्यांच्या कार्डावर मूळ भागाची नोंद आहे. तुमच्याकडं काय आहे?"

बाईंकडे एक प्रश्न होता. जुने स्टड झिजले म्हणून गाडी केंद्रात दिली होती, आणि मागवलेले मूळ स्टड तीस सप्टेंबरला तिथे पोचले होते. तसा निरोप त्यांना स्वतःला आला होता. दसऱ्यानंतर सावकाश गाडी द्या, असे त्यांनी कळवलेही होते. पण नवमीला दुपारी केंद्रातूनच फोन आला: गाडी आजच न्या, उद्या अकरा नव्या गाड्यांची डिलिव्हरी आहे, जागा हवी. आता योग्य माल कपाटात पडलेला असताना कुणी भंगारातला स्टड पत्रा ठोकून का बसवील? आळसाने? तो तर जास्त मेहनतीचा मार्ग होता. चोरीने? चोरायचे असते तर हवेची गन इतक्या घाईत लागली नसती. त्या मालापर्यंत हात पोचू नये असे काहीतरी त्या दिवशी मध्ये होते.

बनावट ताम्रपट बहुधा तिथीवर पकडला जातो. वार जुळत नाही, किंवा ज्या दिवशी दान दिले म्हणतात त्या दिवशी दान देता येत नसते. बाईंनी पंचांग उघडले नाही. त्याची गरज नव्हती. एक ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारे कामाला येत नाहीत. नांगराच्या फाळापासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत सगळी धुऊन, पुसून, पाटावर मांडून पुजली जातात आणि दसऱ्यापर्यंत ती देवाची असतात.

त्यांनी फोनवरचे जुने संदेश चाळले. केंद्राने आपल्या साऱ्या ग्राहकांना पाठवलेल्या शुभेच्छा तिथे होत्या: 'खंडेनवमीच्या मंगलमय शुभेच्छा', खाली पूजेचे छायाचित्र. सकाळी दहा बेचाळीस. झिजलेल्या शिळेवरची अक्षरे वाचताना जसे, तसे त्यांनी ते थोडे थोडे मोठे केले. लाल कापड. नारळ. पाने, जॅक, हातोड्या; हवेची गन मात्र मांडलेली नव्हती. मधोमध, झेंडूच्या माळेत, काळ्या मुठीचा टॉर्क पाना, हळदीकुंकवाची पाच बोटे ल्यालेला. आणि त्याच्या पायाशी, नवा माल म्हणून मांडलेल्या पुड्यांत एक छोटी पारदर्शक पुडी. लेबलावर तोच भाग-क्रमांक आणि खाली पेनाने लिहिलेले चार आकडे. बाईंच्या गाडीच्या नंबराचे.

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दोन ओळी टिपल्या. 'सिद्ध: पावणेअकराला पाना आणि पुडी पूजेत. असिद्ध: बारा वीसला ती उचलली गेली नव्हती.' कुलदीप म्हणू शकत होता की नमस्कार करून उचलली. मधला दीड तास रिकामा होता, आणि तो भरणारा माणूस एकच होता.

आण्णासाहेब, केंद्राचे मालक. कुलदीपचे काका. शेकडो एकरांचे धनी, देवीच्या दर मंगळवारच्या आरतीला हजर, आणि आपल्या घरची रीत चारचौघांत सांगायला मिळाली की जेवण विसरणारे. त्यांचा धर्म खरा होता. त्या केंद्रात तेवढे एकच खरे होते, आणि बाईंना हात घालायचा होता तो त्यालाच. याचे त्यांना सुख नव्हते. पण दवाखान्याच्या पायरीवर बसलेला रामहरी आठवला की सुखाची आवश्यकताही वाटत नव्हती.

सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात सगळे जमले. रामहरी भिंतीकडच्या बाकावर, टोपी हातात. कुलदीप पांढऱ्या सदऱ्यात, फाइल घेऊन. आण्णासाहेब खुर्चीत ऐसपैस.

"बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या," आण्णासाहेबांनी सुरुवात केली. "एका डायवरसाठी एवढी धावपळ? दुसरा बघून देतो की तुमाला."

"तो दुसरा चाकं सांभाळील म्हणता?"

"आमच्याकडून गेलेली चाकं सांभाळावी लागत न्हायत." ते स्वतःच हसले.

कुलदीपने कार्ड वाचून दाखवले. बारा वीस, टॉर्क पाना, विहित पीळ. सोनाली लिहीत होत्या. वाचून झाल्यावर प्रमोदिनीबाईंनी फोन टेबलावर ठेवला. पूजेचे ते छायाचित्र.

"आण्णासाहेब, ही मांडणी कुणाची? फार देखणी आहे."

आण्णासाहेब पुढे वाकले. चेहरा खुलला. "माझीच. पन्नास वर्सं म्याच मांडतो. आधी वडलांचा नांगर होता, आता ही मशिनं. पन रीत तीच."

"पाना मधोमध ठेवलात."

"मानाचा हाय त्यो. त्याच्यावर आमचं नाव चालतंय."

"म्हणून वाईट वाटतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. आवाज व्याख्यानात असतो तसा, सपाट. "दहा बेचाळीसला कुंकू लावलेला पाना तुमच्या माणसांनी बारा वीसला पूजेतून ओढून काढला आणि माझ्या गाडीच्या नटांना लावला. समोरची पुडीही फोडली. कार्डावरच लिहिलंय. तुमच्या घरी खंडेनवमी दीड तासाची असते, हे मला माहीत नव्हतं."

कुलदीपचा रंग उतरला. त्याला कळले होते. "काका, एक मिनिट. आपण वकिलांना—"

"तू गप!" आण्णासाहेबांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. "काय बोलताय बाई? पूजा मोडली? आमच्यात?"

"मी बोलत नाही. तुमचं कार्ड बोलतंय. खाली तुमच्या पुतण्याची सही आहे."

"काका, त्या मुद्दाम—"

"मुद्दाम काय? वडलांच्या वक्तापासनं जी रीत हाय तिला बट्टा लावायला निघाल्यात ह्या, अन् तू काका काका करत बसलाईस!" ते उठून उभे राहिले आणि बोलले. कुणी त्यांना थांबवले नाही. कुलदीपने एकदा त्यांच्या बाहीला हात लावला, तो त्यांनी झटकला. बोलणे संपल्यावरही ते काही क्षण विजयी मुद्रेने उभे होते. मग त्यांची नजर पुतण्याच्या चेहऱ्यावर गेली आणि हळूहळू ते खाली बसले.

बाकावरच्या रामहरीने टोपी डोक्यावर घातली.

"प्रमाण भाषेत उतरवू का?" सोनालींनी विचारले.

"नको," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "लेख जसा आहे तसाच नकलायचा असतो."

जबाब आण्णासाहेबांना वाचून दाखवण्यात आला. शब्द आपलेच आहेत, हे त्यांना नाकारता आले नाही. देवीचे नाव त्यात होते. त्यांनी सही केली. जबाब असा होता:

"खंडेनवमीला सकाळी साडेदहाला पूजा म्या माझ्या हातानं मांडली. त्यातला पाना अन् त्याच्याम्होरं ठेवलेला नवा माल दसऱ्याचं सोनं वाटून होईपतोर कुनीबी उचललेला न्हाय, आई भवानीची शपथ. कुलदीप बारा वाजता आला, म्हनला ह्या बाईच्या गाडीचे स्टड पूजेत हायेत, उचलू का. म्याच त्याला म्हनलो, पूजेतलं काय बी उचलायचं न्हाय, भंगारातलं जे बसंल ते बसव, गन मार, अन् गाडी भाईर काढ."